एक प्रिंटर, दोन राऊटर : बैठकीतून छपाई होते, मागच्या खोलीतून होत नाही

ओसरी (तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ)

नमस्कार. प्रश्न घरातील प्रिंटरचा आहे, परंतु तो नीट समजावा म्हणून आधी घराची रचना सांगते. आमचे घर जुन्या बांधणीचे आहे. पुढे ओसरी आणि बैठक, मध्ये अंगण, आणि अंगणापलीकडे मागच्या खोल्या आहेत. भिंती दगडमातीच्या असून हातभर जाड आहेत, त्यामुळे बैठकीत बसवलेल्या फायबर जोडणीच्या राऊटरचा वाय-फाय मागे पोहोचत नव्हता. गेल्या उन्हाळ्यात अंगणातून केबल ओढून मागे दुसरा राऊटर लावून घेतला. तेव्हापासून मागच्या खोल्यांतही इंटरनेट उत्तम चालते.

बैठकीतील डेस्कटॉपला कॅननचा एलबीपी २९०० हा लेझर प्रिंटर यूएसबी केबलने जोडलेला आहे. डेस्कटॉपवर विंडोज १० आहे. पुतणीच्या आणि दिरांच्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. डेस्कटॉपवरून प्रिंटर शेअर केलेला आहे. पुतणी बैठकीत बसून काम करते तेव्हा तिच्या लॅपटॉपवरून प्रिंट निघते, पण तोच लॅपटॉप मागच्या खोलीत नेला की प्रिंटर 'ऑफलाइन' दिसू लागतो. दिरांचा लॅपटॉप कायम मागेच असतो आणि त्यावर तर प्रिंटर सापडतच नाही. याशिवाय लाईन जाऊन परत आली की कधी कधी बैठकीतूनसुद्धा छपाई होत नाही.

गावात झेरॉक्सचे दुकान नाही. सातबारा, पीक विम्याची पावती, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे हॉल तिकीट यांपैकी काहीही काढायचे असले की शेजारपाजारची मुले आमच्याकडे येतात, आणि त्यांना तालुक्याला न पाठवता इथेच कागद हाती देता यावा असे मला मनापासून वाटते. दोष प्रिंटर शेअर करण्यात आहे, लॅपटॉपमध्ये आहे, की मागच्या राऊटरमध्ये आहे? आणि एकदा सुधारल्यावर लाईन गेली तरी पुन्हा बिघडणार नाही, असे काही करता येईल का?

धामकाठ (तालुका सेलू, जिल्हा वर्धा)

ताई, ही अडचण २०२१ पासून अनेकांना आलेली आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरमधील विंडोज अपडेटनंतर शेअर केलेल्या प्रिंटरशी जोडणी करताना शेवटी '११बी' असलेला एरर येऊ लागला. डेस्कटॉपच्या रजिस्ट्रीमध्ये (विंडोज आपल्या सेटिंग जिथे साठवते तिथे) प्रिंटच्या कप्प्यात 'आरपीसी ऑथ-एन लेव्हल प्रायव्हसी एनेबल्ड' या नावाची नोंद करून तिची किंमत शून्य ठेवावी आणि प्रिंट स्पूलर ही छपाईची रांग सांभाळणारी सेवा पुन्हा सुरू करावी. माझ्या भावाकडे दोन संगणकांमध्ये हाच उपाय केला आणि तेव्हापासून छपाई व्यवस्थित चालू आहे.

संत्रापट्टा (तालुका वरुड, जिल्हा अमरावती)

धामकाठ भाऊ, तुम्ही सांगितलेला एरर खरा आहे, परंतु ताईंच्या घरी तो नसावा. लॅपटॉप डेस्कटॉपपर्यंत पोहोचून प्रिंटरशी जोडणी मागतो, तेव्हाच तो एरर दिसतो. इथे तोच लॅपटॉप, तोच डेस्कटॉप आणि तीच जोडणी बैठकीत चालते व मागे चालत नाही. रजिस्ट्रीला लॅपटॉप कोणत्या खोलीत आहे हे कळत नसते. जागा बदलल्यावर जे बदलते तिथेच दोष शोधावा लागेल, आणि जागा बदलल्यावर बदलतो तो फक्त राऊटर.

ताई, कृपया दोन ठिकाणची माहिती द्या. पुतणीच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करा आणि तिथे दिसणारा आयपीव्ही४ पत्ता (नेटवर्कमधील यंत्राचा क्रमांक) व डिफॉल्ट गेटवे (राऊटरचा पत्ता) लिहून घ्या. एकदा बैठकीत आणि एकदा मागच्या खोलीत असे करा. डेस्कटॉपचा पत्ताही कळवा. मागच्या राऊटरमध्ये अंगणातून आलेली केबल कोणत्या भोकात खोचलेली आहे, इतर भोकांच्या रांगेतील एकात की वेगळ्या रंगाच्या भोकात, हेही पाहून सांगा.

ओसरी

डेस्कटॉपचा पत्ता १९२.१६८.१.५ आहे. बैठकीत लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.७ आणि गेटवे १९२.१६८.१.१ दिसतो. मागच्या खोलीत लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.०.१०३ आणि गेटवे १९२.१६८.०.१ दिसतो. केबल निळ्या रंगाच्या वेगळ्या भोकात आहे आणि त्यावर 'वॅन' असे लिहिलेले आहे.

संत्रापट्टा

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर या आकड्यांतच आहे.

घरगुती नेटवर्कमध्ये साधारणपणे पत्त्याचे पहिले तीन भाग सारखे असले तर दोन यंत्रे एकाच नेटवर्कमध्ये आहेत असे समजावे. बैठकीत दोन्ही यंत्रांचे पहिले तीन भाग १९२.१६८.१ असे आहेत. मागे लॅपटॉपचा तिसरा भाग शून्य झाला आहे. म्हणजे तुमच्या घरात एक वाय-फाय लांबवलेला नसून दोन स्वतंत्र नेटवर्क तयार झालेली आहेत. राऊटरच्या वॅन भोकात केबल खोचली की तो राऊटर त्या केबलला बाहेरचे जग मानतो आणि आपल्या मागे स्वतःचे वेगळे नेटवर्क उभे करतो. स्वतः पत्ते वाटू लागतो आणि आत-बाहेर जाणाऱ्या माहितीचे पत्तेही बदलतो. इंटरनेट वापरताना याचा काहीच त्रास जाणवत नाही, म्हणूनच हा दोष महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. मागचा राऊटर म्हणजे अंगणाच्या पलीकडे घातलेले असे कुंपण आहे, ज्याचे फाटक फक्त आतून उघडते. मागच्या खोलीतून बैठकीकडे जाता येते, बैठकीतून मागे येता येत नाही.

आता प्रश्न असा की मागून पुढे जाता येत असेल तर प्रिंटर का सापडत नाही? विंडोज दुसऱ्या संगणकाला नावाने शोधते तेव्हा ती त्या नेटवर्कमधील सर्वांना एकाच वेळी हाक देते, आणि अशी हाक राऊटर आपल्या पलीकडे जाऊ देत नाही. डेस्कटॉपला ती ऐकूच येत नाही, म्हणून तो उत्तर देत नाही आणि प्रिंटर ऑफलाइन ठरतो. माझे म्हणणे तपासून पाहायचे असेल तर मागच्या खोलीत बसून फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि त्यापुढे डेस्कटॉपचा पत्ता, म्हणजे \\१९२.१६८.१.५ असे, आकडे इंग्रजीत टाकून लिहा. डेस्कटॉपवरील शेअर केलेल्या गोष्टींची यादी उघडली किंवा त्याने नाव-पासवर्ड विचारला, तरी निदान पक्के झाले असे समजा.

तेवढ्यावर काम भागवू नये असे मात्र मी आग्रहाने सांगेन. उद्या मागच्या खोलीत वाय-फायचा प्रिंटर घेतला तर बैठकीतून तो कधीच सापडणार नाही, आणि प्रत्येक वेळी कोणते यंत्र कुंपणाच्या कोणत्या बाजूला आहे याचा विचार करत बसावे लागेल. मागच्या राऊटरचे राऊटरपण काढून घेऊन त्याला केवळ वाय-फाय देणारे यंत्र बनवणे हाच कायमचा उपाय आहे.

त्याच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असा पर्याय असेल तर तो निवडा, राऊटर पुन्हा सुरू होऊ द्या, आणि काम संपले. तो पर्याय नसेल तर पुढील क्रम काटेकोरपणे पाळा. सर्वप्रथम अंगणातून आलेली केबल मागच्या राऊटरमधून काढून घ्या. ही केबल न काढता पुढचे बदल केले तर दोन्ही बाजूंना सारखेच पत्ते येऊन राऊटर गोंधळतो आणि काही राऊटर तो बदल स्वीकारतच नाहीत. मग लॅपटॉप त्याला दुसऱ्या केबलने जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडा. लॅन (घरातील नेटवर्क) सेटिंगमध्ये राऊटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ असा करा. राऊटर पुन्हा सुरू झाला की आता नव्या पत्त्यावर जाऊन 'डीएचसीपी सर्व्हर' बंद करा. पत्ते वाटण्याचे काम घरात एकाच राऊटरने करायचे आहे आणि ते बैठकीतील राऊटर करील. यानंतर अंगणाची केबल परत जोडा, परंतु निळ्या भोकात नव्हे. इतर रांगेतील कोणत्याही लॅन भोकात जोडा.

बैठकीतील राऊटरवरही एक गोष्ट करावी लागेल. तो कोणत्या आकड्यापासून पत्ते वाटतो ते पाहा आणि ती सुरुवात १० पासून पुढे ठेवा, म्हणजे २ हा आकडा तो चुकूनही दुसऱ्या यंत्राला देणार नाही.

झाडीपट्टी (तालुका सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर)

संत्रापट्टा यांचे निदान अचूक आहे. दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट वाय-फायच्या नावाची. दोन्ही राऊटरवर वाय-फायचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवला तर लॅपटॉप बैठकीतून मागे नेताना तो आपोआप दुसऱ्या राऊटरवर जातो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकाला १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११ क्रमांकाचा चॅनेल द्यावा, कारण हे तीन चॅनेल एकमेकांवर येत नाहीत. 'गेस्ट नेटवर्क' मात्र दोन्हीकडे बंद ठेवा किंवा घरची यंत्रे त्यावर जोडू नका. पाहुण्यांच्या नेटवर्कवरील यंत्राला घरातील इतर यंत्रे दिसू नयेत अशीच त्याची रचना असते.

दुसरी गोष्ट अंगणातील केबलची, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. आपल्याकडे मृगाच्या आधी आणि पहिल्या पावसात विजा फार पडतात. उघड्यावरून गेलेली तांब्याची केबल तो झटका दोन्ही टोकांच्या यंत्रांपर्यंत नेऊ शकते आणि तसे झाले तर राऊटरसह त्याला केबलने जोडलेला संगणकही जळू शकतो. केबल बाहेरच्या वापरासाठी बनवलेली, उन्हाला टिकणाऱ्या काळ्या आवरणाची असावी, ती पाइपातून न्यावी, आणि आभाळ गडगडू लागले की दोन्ही टोके काढून ठेवावीत. अंतराची चिंता करू नका. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते.

ओसरी

संत्रापट्टा भाऊ, आपण सांगितल्याप्रमाणे दिरांनी सर्व बदल केले. मागच्या राऊटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड नव्हता, म्हणून दुसरा मार्ग घेतला. आता मागच्या खोलीतही लॅपटॉपला १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता मिळतो आणि पुतणीची प्रिंट मागून व्यवस्थित निघाली. झाडीपट्टी दादा, केबल सध्या साधी आहे; ती पावसाळ्यापूर्वी बदलून घेऊ.

दिरांच्या लॅपटॉपवर मात्र डेस्कटॉप दिसतो, पण त्यावर क्लिक केल्यावर नाव आणि पासवर्ड विचारला जातो. डेस्कटॉप आम्ही चार अंकी पिन टाकून उघडतो; तोच पिन इथे टाकला तर स्वीकारला जात नाही.

संत्रापट्टा

तो पिन स्वीकारला जाणारच नाही, कारण पिन हा ज्या संगणकावर तयार केला त्याच संगणकासमोर बसून उघडण्यासाठी असतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्ड द्यावा लागतो. अनेक घरांत डेस्कटॉपच्या खात्याला पासवर्डच नसतो; तेव्हाही जोडणी नाकारली जाते, कारण रिकाम्या पासवर्डचे खाते नेटवर्कवरून वापरू द्यायचे नाही असाच विंडोजचा मूळ नियम आहे.

यावर बहुतेक ठिकाणी 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा' असा सल्ला वाचायला मिळतो. मी तो देणार नाही. तुमच्या डेस्कटॉपवर शेजाऱ्यांचे आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि सातबारे येत असतात; ते दार सताड उघडे ठेवणे योग्य नाही. शिवाय नव्या विंडोजमध्ये ओळख न देता येणारी जोडणी लॅपटॉपकडूनच अनेकदा नाकारली जाते, त्यामुळे तो उपाय आज चालला तरी पुढे टिकेल याची खात्री नसते.

डेस्कटॉपवर केवळ छपाईसाठी एक वेगळे स्थानिक खाते तयार करा. त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार देऊ नका, आणि त्याचे नाव व पासवर्ड इंग्रजी अक्षरांत ठेवा. मग दिरांच्या लॅपटॉपवर कंट्रोल पॅनेलमधील 'क्रेडेन्शियल मॅनेजर' उघडून विंडोज क्रेडेन्शियलमध्ये डेस्कटॉपचे नाव, त्या खात्याचे नाव आणि पासवर्ड नोंदवा. नोंद करताना खात्याच्या नावाआधी डेस्कटॉपचे नाव व एक उलटी तिरपी रेघ लिहिली तर लॅपटॉपला हे खाते नेमके कुठले आहे याविषयी संशय राहत नाही. हे एकदाच करावे लागते.

त्याच वेळी आणखी एक पाहून घ्या. राऊटरमध्ये बदल झाल्यावर विंडोज त्या नेटवर्कला नवे समजते आणि अनेकदा त्याला 'पब्लिक' ठरवते. पब्लिक म्हणजे बसस्थानकासारख्या परक्या ठिकाणचे नेटवर्क. तिथे आपला संगणक इतरांना दिसू नये म्हणून विंडोजची फायरवॉल शेअरिंग बंद करते. डेस्कटॉपवर आणि लॅपटॉपवर वाय-फायच्या गुणधर्मांत जाऊन ते 'प्रायव्हेट' करा, आणि डेस्कटॉपवर 'नेटवर्क डिस्कव्हरी' व 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' प्रायव्हेटसाठी सुरू आहे का ते तपासा. इंटरनेटवर 'होमग्रुप' तयार करा असे सांगणारे जुने लेख सापडतील. होमग्रुप विंडोज ७ बरोबर आला आणि २०१८ मधील विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीत काढून टाकण्यात आला, त्यामुळे तो शोधण्यात वेळ घालवू नका.

ओसरी

नाव-पासवर्डाची अडचण सुटली. आता दिरांच्या लॅपटॉपवर प्रिंटर दिसतो, परंतु 'कनेक्ट' म्हटल्यावर धामकाठ भाऊंनी सांगितलेला तोच '११बी' असलेला एरर आला.

धामकाठ

ताई, मग आता तरी रजिस्ट्रीतील बदल करायला हरकत नाही. घरचे नेटवर्क आहे, बाहेरचा माणूस त्यात येणार कोठून?

संत्रापट्टा

धामकाठ भाऊ, आपला हेतू चांगलाच आहे, परंतु या एका मुद्द्यावर मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही. तो एरर मुळात का येतो ते पाहू. छपाईसाठी दोन संगणक आपसात बोलतात त्या पद्धतीत एक सुरक्षेची फट सापडली होती. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२१ मध्ये तिची दुरुस्ती दिली आणि सप्टेंबर २०२१ पासून ती दुरुस्ती सक्तीची केली. एका संगणकावर नवी दुरुस्ती असेल आणि दुसऱ्यावर नसेल, तर नवा संगणक जुन्या पद्धतीने बोलायला नकार देतो. तो नकार म्हणजेच '११बी'. रजिस्ट्रीत शून्य लिहिणे म्हणजे डेस्कटॉपला ती दुरुस्ती बाजूला ठेवायला सांगणे होय. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये याच प्रिंट स्पूलरमधील 'प्रिंटनाइटमेअर' नावाची आणखी मोठी फट जगभर गाजली होती. स्पूलर ही अशी सेवा आहे की ती संगणकावर सर्वोच्च अधिकाराने चालते. घरच्या नेटवर्कमध्ये बाहेरचा माणूस येत नाही हे खरे, पण ताईंच्या घरात शेजारची मुले पेन ड्राइव्ह आणि फोन घेऊन येतात, आणि एका लॅपटॉपमध्ये शिरलेला व्हायरस त्याच नेटवर्कमधून पुढे सरकतो.

म्हणून आधी दोन्ही संगणकांवर विंडोज अपडेट पूर्ण करा. ताई, तुमचा डेस्कटॉप विंडोज १० वर आहे आणि त्या आवृत्तीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. तरी त्यापूर्वीची सर्व अपडेट त्यावर घेतलेली असावीत. अपडेटनंतर दोन्ही संगणक पुन्हा सुरू करा. मग लॅपटॉपवर कॅननचा एलबीपी २९०० चा ६४ बिटचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून आधीच बसवून घ्या. ऑगस्ट २०२१ नंतर शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर सामान्य खात्याला डेस्कटॉपवरून उतरवता येत नाही. तो लॅपटॉपवर असला की हा अडथळाही राहत नाही.

पूर्णाकाठ (तालुका जळगाव जामोद, जिल्हा बुलढाणा)

चर्चा वाचून माझाही प्रश्न विचारतो. आमच्याकडे एप्सनचा एल ३२५० हा शाईच्या टाकीचा प्रिंटर आहे. तो वाय-फायचा असल्याने कोणत्याही संगणकाला जोडलेला नाही. पहिले काही दिवस सर्व लॅपटॉपवरून छपाई झाली. लाईन जाऊन आली की मात्र दोनपैकी एका लॅपटॉपवर तो ऑफलाइन दिसतो. पुन्हा जोडला की चालतो, आणि पुढच्या वेळी लाईन गेली की तेच होते. ताईंनी धाग्याच्या सुरुवातीला लाईन गेल्यानंतरची जी अडचण लिहिली आहे, तिच्याशी याचा संबंध आहे का?

संत्रापट्टा

संबंध अगदी थेट आहे, आणि ताईंच्या त्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिलेच होते. गावात लाईन दिवसातून अनेकदा जाते, म्हणून हा भाग सविस्तर लिहितो.

राऊटर प्रत्येक यंत्राला पत्ता उसना देतो. लाईन गेली की बरेच राऊटर कोणाला कोणता पत्ता दिला होता ते विसरतात. लाईन आल्यावर जो आधी मागेल त्याला पहिला मोकळा पत्ता मिळतो, त्यामुळे काल प्रिंटरकडे असलेला पत्ता आज एखाद्या फोनकडे गेलेला असू शकतो. लॅपटॉप मात्र जुन्याच पत्त्यावर छपाई पाठवत राहतो. कधी कधी प्रिंटर राऊटरच्या आधी सुरू होतो, त्याला पत्ता देणारा कोणी सापडत नाही, आणि तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो. या पत्त्यावर घरातील कोणीही त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाही.

यावर उपाय असा की राऊटरमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' नावाची सोय शोधावी आणि प्रिंटरच्या मॅक पत्त्यासाठी (यंत्राच्या नेटवर्क भागाचा स्वतःचा क्रमांक) एक कायमचा आकडा राखून ठेवावा. मॅक पत्ता प्रिंटरने स्वतः छापलेल्या नेटवर्क माहितीच्या कागदावर मिळतो. त्यानंतर प्रत्येक लॅपटॉपवरील जुना प्रिंटर काढून टाका आणि 'टीसीपी/आयपी पत्त्याने जोडा' हा पर्याय निवडून तोच राखीव पत्ता द्या. विंडोज स्वतः प्रिंटर शोधून जोडते तेव्हा ती बहुतेक वेळा 'डब्ल्यूएसडी' नावाचा पोर्ट लावते. हा पोर्ट आकड्यावर न चालता शोधण्यावर चालतो, आणि शोध चुकला की प्रिंटर समोर चालू असूनही ऑफलाइन दिसतो. पत्त्याने जोडूनही तसेच दिसत असेल तर पोर्टच्या 'कॉन्फिगर' खिडकीत 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' (प्रिंटरची स्थिती विचारणारी सोय) ही खूण काढून पाहा. प्रिंटरने त्या चौकशीला उत्तर दिले नाही तर विंडोज त्याला बंद समजते.

ताई, तुमचा प्रिंटर यूएसबीचा आहे, म्हणून तुम्हाला प्रिंटरऐवजी डेस्कटॉपचा पत्ता राखून ठेवायचा आहे. डेस्कटॉप राऊटरच्या जवळच आहे, तर त्याला वाय-फाय ऐवजी केबलने जोडा आणि मग राखीव पत्ता द्या, कारण केबलचा आणि वाय-फायचा मॅक पत्ता वेगवेगळा असतो. डेस्कटॉप 'स्लीप'मध्ये जाऊ नये अशी पॉवर सेटिंग ठेवा. तो झोपला की प्रिंटर सर्वांसाठी बंद होतो, आणि मागून पाठवलेली पाने रांगेत अडकून राहतात.

विजेविषयी एक सांगतो. राऊटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. तो घेतला तर लाईन गेली तरी राऊटरची स्मृती जात नाही. घेण्यापूर्वी राऊटरच्या अडॅप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या, कारण काही राऊटर ९ व्होल्टचे असतात. लेझर प्रिंटर मात्र त्या यूपीएसवर किंवा घरच्या लहान इन्व्हर्टरवर कधीही लावू नका. आतील रूळ तापवताना तो एकदम शेकडो वॅट वीज ओढतो.

पूर्णाकाठ

पत्ता राखून ठेवला आणि दोन्ही लॅपटॉपवर आकड्याने जोडला. काल संध्याकाळी लाईन जाऊन आली तरी दोन्हीकडून छपाई झाली. मनापासून आभार. एका गोष्टीची भर घालतो: आमचा प्रिंटर केवळ २.४ गिगाहर्ट्‌झचा वाय-फाय पकडतो. राऊटरवर फक्त ५ गिगाहर्ट्‌झ चालू ठेवला तर त्याला नेटवर्कच दिसत नाही. लॅपटॉप ५ वर आणि प्रिंटर २.४ वर असला तरी चालते, मात्र राऊटरमध्ये वाय-फायवरील यंत्रांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारे 'एपी आयसोलेशन' बंद असले पाहिजे.

ओसरी

दोन्ही संगणक अपडेट करून पुन्हा सुरू केल्यावर '११बी' आला नाही, आणि रजिस्ट्रीला हात लावावा लागला नाही. दिरांच्या लॅपटॉपवरून आज पीक विम्याच्या पावत्या निघाल्या. डेस्कटॉप केबलने जोडून त्याला पत्ता राखून ठेवला आहे.

आता शेवटचा प्रश्न. शेजारची मुले पीडीएफ फोनवर घेऊन येतात. लॅपटॉपप्रमाणे फोनवरही हा प्रिंटर दिसेल का? आणि राऊटरला मागे यूएसबीचे भोक आहे, तर प्रिंटर थेट त्यालाच लावला तर डेस्कटॉप चालू ठेवण्याची गरज राहणार नाही का?

झाडीपट्टी

ताई, आधी राऊटरच्या भोकाविषयी. ते बहुतेक राऊटरमध्ये पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कसाठी असते. ज्यांत प्रिंटरची सोय आहे, त्यांतही एलबीपी २९०० सारखे प्रिंटर भरवशाने चालत नाहीत. हा प्रिंटर पानाची मांडणी स्वतः करत नाही. ते काम संगणकातील ड्रायव्हर 'कॅप्ट' नावाच्या कॅननच्या स्वतःच्या भाषेत करतो आणि छपाई चालू असताना प्रिंटरशी सतत दोन्ही बाजूंनी बोलत राहतो. एचपीचा लेझरजेट १०२० तर याहून एक पाऊल पुढे आहे: त्याचे फर्मवेअर (प्रिंटरच्या आत चालणारा प्रोग्रॅम) प्रत्येक वेळी चालू केल्यावर संगणकाने यूएसबीतून पाठवावे लागते. माझ्याकडे तो प्रिंटर जुन्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली आणि 'कप्स' हा छपाईचा प्रोग्रॅम टाकून घरभर वापरला जातो, कारण तिथे ते फर्मवेअर आपोआप पाठवण्याची व्यवस्था करता येते. एलबीपी २९०० साठी मात्र लिनक्सचा मार्ग खडतर आहे, आणि रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकासाठी कॅननचा अधिकृत ड्रायव्हर नाही. तुमच्यासाठी डेस्कटॉप हाच योग्य यजमान आहे.

फोनवर विंडोजचा शेअर केलेला प्रिंटर दिसणार नाही. अँड्रॉइड फोन मोप्रियाच्या आणि आयफोन एअरप्रिंटच्या पद्धतीने प्रिंटर शोधतो; विंडोजचे शेअरिंग या दोन्हींहून वेगळे आहे. पूर्वी गूगल क्लाउड प्रिंटने अशा प्रिंटरवर फोनवरून छपाई करता येत असे, पण ती सेवा ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली. मुलांना पीडीएफ तुमच्या व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा आणि डेस्कटॉपवर व्हॉट्सॲप वेब उघडून छापा. फोनचा पासवर्ड न मागता आणि पेन ड्राइव्ह न लावता काम होईल. त्या पीडीएफ डाउनलोड्स फोल्डरमध्ये साठत जातात आणि त्यांत लोकांचे आधार व बँक खात्याचे क्रमांक असतात, म्हणून प्रिंट निघाली की त्या काढून टाका आणि रिसायकल बिनही रिकामा करा.